नांदेडहून जुनापाणी आणि परत किनवटच्या माळांवर

पहिला दिवस : नांदेड – भोकर – किनवट – माहूर

महापाषाणीय दफनं, म्हणजे मोठे धोंडे मांडून केलेली प्राचीन थडगी, बघायची तर विदर्भात जा, हे पुरातत्त्वाच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. मराठवाड्याच्या वाट्याला पैठण, तेर, भोकरदन अशी सातवाहनांची मोठी नावं आली आणि सगळं लक्ष पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांकडे गेलं. माळावरच्या दगडांकडे बघायची सवय आपल्याला लागलीच नाही. नांदेड जिल्ह्याची पूर्व कड मात्र विदर्भ आणि तेलंगणा अशा दोन महापाषाणीय मुलखांना चिकटून आहे. म्हणून फेरी अशी आखली की आधी नागपूरजवळच्या जुनापाणीला डोळा तयार करायचा आणि मग त्याच डोळ्यांनी किनवटकडचे माळ बघायचे.

दिवस फेब्रुवारीतलेच बरे. पावसाळ्यानंतर डिसेंबरपर्यंत माळावर गुडघाभर कुसळी गवत असतं, त्यात अर्धे दगड दिसतच नाहीत. एप्रिलनंतर ऊन उभं राहू देत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळायला लागला की किनवट-माहूरच्या जंगलात पहाटे अस्वलं झाडाखाली असतात, हेही ध्यानात ठेवावं.

सामान फार लागत नाही. 30 मीटरची फायबरची टेप (लोखंडी टेप उन्हात तापते आणि दगडांना घासून आकडे पुसले जातात), दर 20 सेंटिमीटरला लाल-पांढरे पट्टे असलेली एक मीटरची काठी, होकायंत्र, चार खुंट्या, सुतळी, कडक पुठ्ठ्याची वही आणि पेन्सिल. बॉलपेनची शाई घामाने फुटते. मोबाइलवर अक्षांश-रेखांश दशांश पद्धतीने आणि किमान पाच दशांश स्थळांपर्यंत नोंदवायचे. पाचव्या स्थळाला फरक साधारण एक मीटरचा असतो, तिसऱ्यावर थांबलात तर शंभरेक मीटरचा. तेवढ्यात भलत्याच शेतात पोहोचायला होतं.

भोकर, हिमायतनगर, इस्लापूर, किनवट, सारखणी असा रस्ता धरला. सरळ गेलं तर अर्ध्या दिवसात माहूर येतं, थांबत गेलं तर संध्याकाळ होते. थांबायचं ते दगड बघायला. शिळावर्तुळासारखं, म्हणजे दफनाभोवतीच्या धोंड्यांच्या कड्यासारखं, दिसतं पण ते नसतं, अशा गोष्टी या रस्त्यावर चिक्कार आहेत आणि त्या आधी ओळखून ठेवल्या की पुढचं काम निम्मं होतं.

जुनं खळं गोल असतं आणि त्याच्या कडेला दगडही असतात. पण ते दगड एका माणसाला उचलता येतील एवढे, आणि आतली जमीन सपाट, चोपून कडक केलेली. मेंढवाड्याचे दगड एकावर एक रचलेले असतात आणि एका बाजूला आत जायला फट ठेवलेली असते. वावरातून वेचून धुऱ्यावर टाकलेल्या दगडांच्या राशी लांबट होतात, कारण धुरा लांबट असतो. वीरगळ किंवा सतीशिळा एकट्या उभ्या असतात, घडवलेल्या असतात. गोंड वस्त्यांजवळ मृतांच्या स्मरणार्थ उभे केलेले दगड दिसतात, त्यांना मात्र टेप लावायची नाही. ती आजच्या माणसांची आजची श्रद्धा आहे. गावातल्या जाणत्याला विचारावं, तो सांगेल तेवढं लिहावं आणि तो ‘नको’ म्हणाला तर वही मिटावी.

खरं शिळावर्तुळ वेगळं दिसतं. एकेक मोठा धोंडा मुरमात बसवलेला, धोंड्यांचं कडं आणि आतला भाग मध्याकडे किंचित फुगलेला. या फुगीर भागात लहान दगडगोटे आणि मुरूम भरलेला असतो. खाली काळी चिकण माती असते आणि तीच मोठी खूण आहे. मुरमाड माळावर काळी माती आपोआप येत नाही, कुणीतरी ती वाहून आणून टाकलेली असते.

माहूरला मुक्कामाची सोय भरपूर. उजेड असेल तर पांडवलेणी बघून घ्यावी. राष्ट्रकूट काळातली, केंद्र-संरक्षित. तिथला संरक्षणाच्या नियमांचा निळा फलक नीट वाचून ठेवावा, त्यातला मजकूर पुढे कामाला येतो.

दुसरा दिवस : माहूर – धनोडा – यवतमाळ – नागपूर

माहूरहून खाली उतरून धनोड्याला पैनगंगा ओलांडली की मराठवाडा संपला. पुढे आर्णी, यवतमाळ, वर्धा करत नागपूर. सकाळी सातला निघालं तर दुपारी एकपर्यंत पोहोचता येतं. किनवटहून नागपूरकडे रेल्वेही आहे, पण टेप-काठ्या घेऊन आडमाळांवर फिरायचं तर स्वतःची गाडी हवी.

नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे लोकांच्या तोंडचा अजब बंगला, 1863 चं. सोमवारी बंद. त्यामुळे फेरीचा वार ठरवताना तेवढं बघावं. जुनापाणीला जाण्याआधी महापाषाणीय वस्तू कशा दिसतात ते माहीत असलं पाहिजे, नाहीतर माळावर गंजक्या लोखंडाचा तुकडा आणि बैलगाडीच्या धावेचा तुकडा सारखाच वाटतो.

विदर्भातल्या या दफनांमध्ये लोखंड फार. चपट्या कुऱ्हाडी, ज्यांच्यावर दांडा आवळायला लोखंडाच्याच आडव्या पट्ट्या आहेत. छिन्न्या, कट्यारी, घोड्याच्या तोंडातले लगाम. तांब्याचे दागिने घोड्याच्या डोक्यावर बांधायचे. मातीची भांडी आतून काळी आणि बाहेरून अर्धी काळी, अर्धी तांबडी, कारण ती भट्टीत उलटी ठेवून भाजत. जुनापाणी, माहुरझरी, नैकुंड इथे घोड्याचे अवशेष माणसाच्या दफनासोबत मिळालेत. नैकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली. ढोबळमानाने हे सगळं इ.स.पूर्व पहिल्या सहस्रकातलं आहे.

हे एवढं कळलं ते दोन प्रकारच्या कामांतून. नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व विभागाने शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली टाकळघाट-खापा आणि माहुरझरीला केलेली उत्खननं हा एक प्रकार. तिथे प्रत्येक वस्तू कुठल्या थरात, कुठल्या दिशेला, कशाशेजारी मिळाली याची नोंद आहे. दुसरा प्रकार एकोणिसाव्या शतकातला, उकरून वस्तू काढण्याचा. वस्तू दोन्हीकडून आल्या, माहिती मुख्यतः पहिल्याकडून. लगाम नुसता टेबलावर ठेवला तर तो लगाम एवढंच कळतं. तो घोड्याच्या जबड्यात होता की माणसाच्या पायाशी, हे कळलं तर त्या समाजाबद्दल काही बोलता येतं.

तिसरा दिवस : जुनापाणी

नागपूरहून काटोल रोडने दहा-बारा किलोमीटर. सकाळी सूर्य उगवण्याच्या सुमारास पोहोचावं, त्याचं कारण पुढे येईल.

इथे साधारण 300 शिळावर्तुळं नोंदलेली आहेत. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नाक या ब्रिटिश अधिकाऱ्याने इथली काही खणली आणि 1961 मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बा. के. थापर यांनी पुन्हा उत्खनन केलं. हेच थापर त्याआधी आपल्याच जुन्या हैदराबाद संस्थानातल्या, रायचूरकडच्या मस्कीला महापाषाणीय थर खणत होते. म्हणजे आपला मुलूख या विषयाला अगदीच अनोळखी नव्हता, नजर फक्त रायचूरकडे गेली, नांदेडकडे वळली नाही.

पहिल्यांदा येणारा माणूस इथे हमखास म्हणतो, ‘हे एवढंच?’ उंच काही नाही. धोंडे गुडघ्याच्या, फार तर मांडीच्या उंचीचे. एखाद्या उंचवट्यावर जाऊन खाली बघितलं की मग कडी दिसू लागतात, एक दिसलं की शेजारचं दिसतं. त्यांचे पुंजके आहेत, आणि पुंजक्यांमधली मोकळी जागाही दफनभूमीचाच भाग आहे. संरक्षणाच्या कामात सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. कुंपण घालणारे ठळक वर्तुळांभोवती घालतात, पुसट वर्तुळं बाहेर राहतात. शिवाय कुंपणाच्या खांबांसाठी खड्डे घ्यावे लागतात. ते नेमके बाहेरच्या पुसट वर्तुळांच्या कडेत घेतले गेले की राखायला गेलो आणि मोडून आलो, अशी गत.

एक वर्तुळ निवडून शांतपणे मोजलं, तर पद्धत हाताला बसते. आधी भोवती फिरून यायचं आणि मूळ जागी असलेले धोंडे कोणते, सरकलेले कोणते ते ठरवायचं. मूळ जागचा धोंडा मुरमात रुतलेला असतो, त्याच्या बुडाशी गवत चहूबाजूंनी सारखं उगवलेलं असतं. सरकलेल्याच्या एका अंगाला खळगा दिसतो. मग व्यास दोनदा घ्यायचा, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम. टेप धोंड्याच्या बाहेरच्या अंगापासून लावायची की मध्यापासून, हे आधीच ठरवून वहीत पहिल्या ओळीत लिहायचं. अर्ध्या मीटर जाडीचे धोंडे असले तर या एका गोष्टीने व्यासात अर्धा मीटर फरक पडतो, आणि दोन जणांची मापं जुळत नाहीत. बहुतेक वर्तुळं 10 ते 15 मीटरच्या आसपास भरतात. टेप मधल्या फुगवट्यावर टेकून वाकते, म्हणून दोघांनी ती काठीच्या उंचीवर ताणून धरावी.

होकायंत्र धोंड्यावर ठेवायचं नाही. हा काळा पाषाण लोहयुक्त, त्यात चुंबकीय कण असतात, आणि ज्या धोंड्यावर कधी वीज पडली असेल तो तर सुई चांगलीच फिरवतो. मोबाइलमधलं होकायंत्रही चुंबकावरच चालतं, त्यालाही हेच लागू. वर्तुळापासून चार-पाच मीटर बाहेर उभं राहून दिशा घ्यावी, जागा बदलून पुन्हा घ्यावी. दोन्ही वाचनं जुळली तरच लिहावं.

आता सूर्योदयाचं कारण. जुनापाणीच्या काही धोंड्यांवर कोरलेले बारीक खळगे आहेत, रुपयाच्या नाण्याएवढे किंवा थोडे मोठे, ओळीत, कुठे दोन समांतर ओळींत. दुपारी बारा वाजता ते दिसत नाहीत, कारण ऊन सरळ वरून पडतं आणि खळग्यात सावली राहत नाही. सकाळी आडवं ऊन धोंड्यावरून घासत जातं तेव्हा प्रत्येक खळग्याच्या एका कडेला काळी कोर उमटते. दिवस चढला असेल तर एकाने चादर धरून सावली करावी आणि दुसऱ्याने टॉर्च दगडाला जवळजवळ समांतर धरावा, तसंच दिसतं. खडू किंवा रंग भरून फोटो काढायची जुनी खोड अजून गेलेली नाही. खडूची पूड पाषाणाच्या छिद्रांत बसते आणि ती काढायला घासलं की खळग्याची कडच झिजते. तेल-पाण्यानेही पृष्ठभाग कायमचा डागळतो.

हे खळगे ठरावीक दिशांच्या धोंड्यांवर आहेत आणि त्यांचा आकाशातल्या दिशांशी संबंध असावा, असं काही अभ्यासकांनी मांडलं आहे. मांडणी विचार करायला लावणारी आहे. पण ती तपासायची तर धोंडा आज आहे तिथेच हजारो वर्षांपूर्वी होता, हे आधी पक्कं हवं. कुणी एक कलंडलेला धोंडा ‘नीट’ उभा केला की त्याची साक्ष गेली. सुशोभीकरण या शब्दाची इथे धास्ती वाटते ती याचमुळे. धोंडे सरळ करणं, त्यांना नंबर रंगवणं, पायवाटेला पेव्हर ब्लॉक बसवणं, मधोमध झाड लावणं. यातलं प्रत्येक काम चांगल्या हेतूने होतं आणि प्रत्येकात काहीतरी हरवतं. झाडाचं मूळ दगडगोट्यांच्या भरावात सहज शिरतं आणि खालच्या मातीपर्यंत जातं, तिथेच भांडी आणि हाडं असतात.

जुनापाणी केंद्र-संरक्षित आहे. फिरायला, साधे फोटो काढायला अडचण नाही. ट्रायपॉड किंवा मोठं यंत्र लावायचं असेल तर पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मंडळ कार्यालयाची परवानगी आधी घ्यावी. खापराचा तुकडा दिसला तर बघावा, फोटो घ्यावा आणि तिथेच ठेवावा.

चौथा दिवस : माहुरझरी, आणि परत माहूर

माहुरझरी त्याच काटोल रोडच्या बाजूला आहे. दगडी मण्यांच्या उद्योगासाठी हे ठिकाण प्रसिद्ध. देव यांच्यानंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजनेही इथे उत्खनन केलं. सकाळचे दोन तास दिले तरी पुरतात, कारण इथे बघण्यासारखं जे आहे ते मुख्यतः परिसराचं: शहर वाढत येतं तेव्हा मुरमाच्या टेकड्यांचं काय होतं.

मुरूम रस्त्याला लागतो, भरावाला लागतो, प्लॉटिंगला लागतो. आणि शिळावर्तुळं असतात नेमकी मुरमाच्या उंचवट्यांवर, कारण त्या लोकांनी कसदार काळी जमीन सोडून पडीक माळ दफनासाठी निवडला. महसूल दप्तरी हीच जमीन पडीक म्हणून लागते. कुठलीही नवी योजना आली की, सौर प्रकल्प असो, वृक्षलागवड असो की सलग समतल चर, पहिलं बोट पडीक जमिनीवर पडतं. जेसीबीला एक वर्तुळ मोडायला तासही लागत नाही आणि चालवणाऱ्याला आपण काही मोडलं हे कळतही नाही. त्याच्या दृष्टीने ते आडवे आलेले धोंडे.

दुपारी निघून रात्रीपर्यंत माहूर.

पाचवा दिवस : किनवट तालुक्यातले माळ

इथे आधी खडक समजून घ्यावा लागतो. नांदेड जिल्ह्याचा बराच भाग काळ्या पाषाणाचा, पण किनवटच्या काही भागात आणि दक्षिणेला देगलूर-बिलोली-मुखेडकडे ग्रॅनाइट उघडा पडतो. खडक बदलला की दफनाची ठेवणही बदलू शकते. काळा पाषाण गोल धोंड्यांत सुटतो, त्याचं कडं होतं. ग्रॅनाइटच्या लाद्या निघतात आणि तेलंगणात अशा लाद्या उभ्या करून पेटीसारखी थडगी बांधलेली आहेत. तेव्हा ग्रॅनाइटच्या माळावर नुसतं वर्तुळ शोधत बसू नये, जमिनीतून जेमतेम चार बोटं वर आलेल्या लाद्यांच्या कडांचा चौकोनही बघावा. तेलंगणातल्या मुडुमालच्या उभ्या शिळा 2025 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेल्या, कर्नाटकातलं हिरेबेणकल 2021 पासून आहे. शेजाऱ्यांनी दगडांची किंमत ओळखली आहे.

एका पडीक माळावरची रास उदाहरणादाखल. लांबून गोल, मधे फुगीर, दहाएक मीटर पसरलेली. जवळ गेल्यावर दगडांवर पांढरट ओरखडे दिसले. ते नांगराच्या फाळाचे, ताज्या वेचणीची खूण. दगड हातभर ते मुठीएवढे, सगळे मिसळलेले. फटीत बाटलीची काच, खताच्या पिशवीचं प्लास्टिक. भूनकाशावर ती जागा दोन गटांच्या हद्दीवर येते. म्हणजे वेचणीची रास. तरीही बुडाशी मोठे धोंडे कड्याने बसवलेले आहेत का ते एकदा फिरून बघायचं, कारण शेतकरी वेचलेले दगड टाकायला आधीच दगड असलेली जागा निवडतो. जुन्या वर्तुळावर नवी रास चढू शकते. इथे बुडाला कडं नव्हतं, खालची माती वावरातलीच होती. वहीत ‘नाही’ असं लिहिलं आणि का नाही तेही लिहिलं. कारण लिहून ठेवलं नाही तर पुढचा माणूस त्याच राशीभोवती पुन्हा दिवस घालवतो.

शंका उरते अशा जागेची नोंद मात्र पूर्ण हवी: गाव, गट नंबर, सातबारावर कुणाचं नाव की गायरान की वनखातं, अक्षांश-रेखांश, दोन व्यास, धोंड्यांची संख्या, सगळ्यात उंच धोंडा जमिनीवर किती, मातीचा रंग आत आणि बाहेर, जवळचा ओढा किती अंतरावर. फोटो चार दिशांनी, प्रत्येकात काठी उभी. पाचवा फोटो खड्डे असतील तर त्यांचा.

खड्ड्यांचं सांगायचं तर ते बहुतेक गुप्तधनाचे. मधोमध घेतलेला, माणूस उतरेल एवढा, बाजूला काळ्या मातीचा ढीग आणि कधी लिंबू, कुंकू, नारळ. पायाळू माणूस आणून जागा दाखवून घेण्याचा धंदा अजून चालतो. अशा दफनांत सोन्याचा हंडा नसतो. गंजून फुगलेलं लोखंड, फुटकी भांडी, मणी आणि हाडं असतात, आणि खणणारा वैतागून तीच फोडून टाकतो. गावात हे स्पष्ट सांगणं हे अर्धं संरक्षण आहे. कायदाही सांगावा: 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. अघोरी प्रकार असेल तर 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा लागतो.

शेतकऱ्याची भीती वेगळी असते. ‘एकदा सरकारी फलक लागला की जमीन गेली.’ ही भीती चेष्टेने उडवून लावू नये, पण तपशील सांगावा. 1958 च्या केंद्रीय कायद्यात संरक्षणाचा इरादा आधी जाहीर होतो, हरकतींसाठी दोन महिने असतात आणि मगच अंतिम अधिसूचना निघते. संरक्षित क्षेत्रात बांधकाम, खाणकाम, सुरुंग बंद. पण एक फुटापेक्षा खोल न खणता केलेली शेती त्या बंदीत मोडत नाही. साधा वखर त्यात बसतो, ट्रॅक्टरचा पलटी नांगर बहुधा नाही. 2010 च्या दुरुस्तीनंतर संरक्षित हद्दीपासून 100 मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र येतं. हे अंतर संरक्षित हद्दीच्या रेषेपासून मोजतात, दगडापासून नाही. म्हणून हद्द कुठे पडते यावर शेजारच्याचं घर अवलंबून असतं, आणि ती हद्द ठरवताना गावाने नकाशा घेऊन हजर असावं. नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. राज्याचा स्वतंत्र कायदा 1960 चा आहे आणि लहान स्थळांसाठी आधी राज्य पुरातत्त्व संचालनालयाकडे जाणं सोयीचं.

अर्ज राज्य पुरातत्त्वच्या नांदेड विभागाच्या सहायक संचालकांकडे, प्रत जिल्हाधिकारी आणि तहसीलदारांना. सोबत नोंदीचा तक्ता, फोटो, सातबारा आणि जमल्यास ग्रामसभेचा ठराव. ठरावात ‘प्राचीन थडगी’ असं मोघम न लिहिता गट नंबर घालावा, कारण गट नंबर नसलेला कागद महसुलात कुठेच लागत नाही. जागा वनखात्याची असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांनाही एक प्रत, म्हणजे रोपवनाचे खड्डे आखताना ती जागा वगळता येते. पोच घ्यावी. अक्षांश-रेखांश फक्त अर्जात द्यावेत. फोटोखाली ठिकाणासकट समाजमाध्यमांवर टाकले तर तज्ज्ञांच्या आधी गुप्तधनवाले पोहोचतात.

किनवटहून संध्याकाळी नांदेडला परतता येतं. देगलूर-बिलोलीचा ग्रॅनाइट पट्टा या फेरीत बसत नाही, त्याला निराळे दोन दिवस ठेवावेत, आणि तूर निघाल्यावरच जावं. त्याआधी वावरांत पाय ठेवायला जागा नसते.